ज्याचं त्याला

बाळारामने हंड्याला हात लावला नाही. रिक्षावाल्याने आणि मी मिळून तो ओटीवर ठेवला. मी पंच्याने घाम पुसला आणि आता हा काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहत बसलो. बाळाराम माझा मेहुणा, कमळचा धाकटा भाऊ. तांब्याचा तो हंडा त्यानेच आमच्या लग्नात दिलेला. गळ्याखाली नाव कोरलेलं होतं, ‘चि. सौ. कां. कमळ हिस, बाळाराम, खारबाव’. चिंचेने घासघासून अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

“भावजी, ह्यो बायचा हंडा ना?” शेवटी तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो बाय म्हणतो.

“हो. नाव आहे बघ.”

“नाव ठाव हाय मना. मीच घालून घेतलंय. इकडं कशाला आनला?”

मी तयारच होतो. गेल्या आठ दिवसांत वीसेक घरांच्या ओट्यांवर मी हेच भाषण केलं होतं, आणि आता ते चांगलं मुरलं होतं. माणूस येताना काही आणत नाही, जाताना नेत नाही, नर्मदामैयाच्या काठावर मला हे उमगलं, म्हणून आता ज्याचं त्याला परत करतोय. बोलताना मी डोळे अर्धे मिटायचो. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

बाळारामने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने एकच विचारलं.

“बायला ठाव हाय?”

कमळ तेव्हा डोंबिवलीला होती. आमच्या निशाचं दुसरं बाळंतपण होतं, म्हणून वीस दिवसांसाठी गेली होती. तिला काहीएक माहीत नव्हतं. खरं सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, “आमचं दोघांचं ठरलंय.”

तेहेतीस वर्षं मी जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीत बसलो. समोरच्याने अडचणीचं काही विचारलं की ‘साहेब आत्ताच जेवायला गेले’ असं म्हणायची जिभेला सवय लागली होती. नर्मदेला अख्खी प्रदक्षिणा घालून आलो, पण ती सवय काही तिथे सुटली नव्हती. हेही तसंच निघालं, विचार न करता.

“बरं,” बाळाराम म्हणाला आणि उठून मागच्या दाराने खाडीकडे गेला. चहा तसाच राहिला. मी निघताना त्याची बायको मैना आतून पिशवी घेऊन आली. पिशवीत सुके बोंबील होते.

“रिकाम्या हाती कुठं चाल्ले? बायला आवडतात.”

“नको वहिनी. मी आता कुणाकडून काही घेत नाही,” मी म्हणालो.

“तुमाला कोन देतंय? बायसाठी हाय.”

तरी मी पिशवी घेतली नाही. मैनावहिनी उंबऱ्यात पिशवी धरून उभी राहिली आणि मी मोकळ्या हातांनी, मोठ्या समाधानाने रिक्षात बसलो.

आता थोडं माझ्याबद्दल. दोन हजार तीन साली मी निवृत्त झालो आणि वर्षभर भिवंडीत नुसता बसून कंटाळलो. कुणीतरी परिक्रमेची गोष्ट काढली आणि ती डोक्यात बसली. कमळने अडवलं नाही. “तेहेतीस वर्सं खिडकीत बसलाव. जावा, जरा हिंडून या,” म्हणाली. कार्तिकात ओंकारेश्वरहून चालायला सुरुवात केली. पावसाळ्याचे चार महिने एका आश्रमात काढले, आणि सगळे मिळून चौदा महिने मी घराबाहेर होतो. दोन जोड कपडे, एक घोंगडी, काठी, कमंडलू आणि मैयाच्या पाण्याची बाटली, एवढंच सामान.

शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना लुटतात, असं सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. मी लुटला जायला अगदी तयार होऊन आत शिरलो. कुणी लुटलं नाही. उलट एका बाईने मक्याची भाकरी दिली आणि माझ्या फुटलेल्या टाचेला कसलासा पाला चोळून दिला. माझी थोडी निराशाच झाली. मग मीच घड्याळ एकाला दिलं, स्वेटर दुसऱ्याला दिला आणि हलका होऊन पुढे चालू लागलो. माझं बिघडायला तिथून सुरुवात झाली असावी. देताना काय वाटतं त्याची चटक लागली.

परत आलो तो जानेवारीत. रिक्षा स्टँडवरच चारजणांनी पाय धरले. पंधरा दिवस घरी रांग होती. कुणी नारळ आणतंय, कुणी पोराला पायावर घालतंय. ज्या माणसाला दाखल्यासाठी मी तीन-तीन खेपा घालायला लावल्या होत्या, तोही येऊन वाकला. मीही आशीर्वाद देत होतो. कमळ तेवढी जमिनीवर होती. “महाराज, कचऱ्याची बादली बाहेर ठेवा,” असं आतून ओरडायची आणि लोक हसायचे. मला ते आवडायचं नाही.

घर मात्र अंगावर यायला लागलं. उघड्यावर झोपायची सवय झालेली. इथे कपाट, त्यावर ट्रंक, त्यावर गाद्या. स्वयंपाकघराच्या फळ्यांवर तर भांड्यांची दाटी. लग्नातली, बारशातली, निशाच्या वेळची. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. कमळ दर दिवाळीला ती उतरवायची, घासायची आणि पुन्हा त्याच क्रमाने लावायची. “एवढं कशाला लागतं गं दोन माणसांना?” मी म्हणायचो. ती पुढचं भांडं घासायला घ्यायची.

ती डोंबिवलीला गेली आणि मला रान मोकळं मिळालं. आधी माझं सामान काढलं. दोन सफारी, रेडिओ, ऑफिसने दिलेली ब्रीफकेस, थोडी पुस्तकं. एका दुपारीत संपलं. त्या घरात माझं असं फारसं काही नव्हतंच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला त्याग करायचा होता आणि माझं सामान संपलं होतं. मग मी तिच्या फळीला हात घातला.

विकायची नाहीत, कुणा अनोळखी माणसाला द्यायची नाहीत, ज्याने दिलं त्यालाच परत द्यायची, ही कल्पना मला फार थोर वाटली. कारकून माणूस मी. सगळी भांडी पालथी घातली, चष्मा लावून नावं वाचली, गावांप्रमाणे यादी केली. राहनाळ चार, दापोडे तीन, अशी. देणारा वारला असेल तर त्याच्या मुलाकडे. लोकांनीही काय काय केलं! एका म्हाताऱ्याला वाटलं, मला काहीतरी असाध्य झालंय. तो रडायलाच लागला. काहींनी प्रसाद म्हणून भांडं डोक्याला लावलं. राहनाळच्या एका बाईने मात्र “आमचं काय चुकलं?” एवढंच विचारून दार लावून घेतलं.

आपल्याकडे दिलेला आहेर परत आला की नातं तुटलं, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याच्या वाटीतसुद्धा आपण चार दाणे साखर घालून ती परत करतो. मी याच मातीतला. पण मी त्याच्या पलीकडे गेलो होतो ना! लोक अजून मागे आहेत, कळेल त्यांना हळूहळू, असं मला वाटत होतं.

कमळ आली ती दुपारी, हातात निशाने दिलेली पिशवी. चपला काढून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दारात गेलो. ती रिकाम्या फळ्यांकडे बघत उभी होती. रोजच्या वापरातली स्टीलची चार भांडी आणि प्लास्टिकचे डबे तेवढे उरले होते.

“चोरी झाली?” तिने विचारलं. खरंच तसं वाटलं होतं तिला.

मी सांगितलं. जमेल तेवढं सौम्य, डोळे न मिटता. ती ऐकत होती. मध्येच तिने एकेक विचारलं. आत्याचं ताट? दिलं. निशाच्या बारशाचा गडू? दिला. मग शेवटी, “हंडा?”

“तोही. बाळारामला.”

ती खाली बसली. भिंतीला टेकून, पाय पसरून.

“सव्वीस जुलैला तुमी कुठं व्हते?” तिने विचारलं.

कुठे होतो ते तिला माहीत होतं. मी आश्रमात चातुर्मास करत होतो. पूर आल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं, मग गावात जाऊन मी फोन केला होता. ती म्हणाली होती, आम्ही बरे आहोत.

“हितं छातीयेवढं पानी व्हतं,” कमळ म्हणाली. “वरच्या मजल्यावर चौदा मानसं एका खोलीत. दुसऱ्या दिशी सकाळी बाळाराम आला, चालत. रस्ता कुठं व्हता? कमरेला दोर बांधून आला. पाह्यलं तर प्यायला पानी न्हाय कोनाला. मंग ह्योच हंडा घेतला नि परत गेला. आठ दिस त्यानं पानी आनलं, गावच्या इहिरीचं. कदी टेम्पोत, कदी डोक्यावर. चौदा मानसं प्यायली त्या हंड्यातनं.”

“मला फोनवर सांगितलं नाहीस हे.”

“तुमी मना नर्मदेचं सांगत व्हते.”

मला आठवलं. एसटीडीच्या काचेच्या खोलीत उभं राहून मी तिला नदीचं पात्र किती भरलंय, संध्याकाळची आरती कशी होते, ते सगळं सांगितलं होतं. तिने मध्ये दोनदा ‘हां’ म्हटलं होतं.

“त्या हंड्यासाठी तो सोळा वर्साचा व्हता तवा अख्खा हंगाम मिठागरावर गेलावता,” ती म्हणाली. “आय न्हवती आमाला. बाप पीत व्हता. भैन रिकामी जायला नको म्हनून. पायाला भेगा पडून रगत यायचं. मीच बांधायची रातचं.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “काय बोलला त्याला?”

“काय बोलणार? परत करतोय म्हणालो.”

“येवढंच?”

“एवढंच.”

खरं सांगायची ती दुसरी संधी होती. तीही मी घालवली. घाबरलो म्हणा, दुसरं काय! ज्याच्या पाया लोक पडतात त्याने बायकोसमोर खोटेपणा कबूल करायचा, हे मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच खारबावला गेली आणि बारा वाजता परत आली. मला वाटलं होतं, हंडा घेऊन येईल, दोन दिवस बोलणार नाही, मग सगळं ठीक होईल. ती हात हलवत आली.

“न्हाय त्याच्याकडं,” पदराने चेहरा पुसत म्हणाली. “तुमी दिला त्याच दिशी होडीत घातला नि भरतीला खाडीत सोडला. भैनीला दिलेलं भावाच्या घरात ऱ्हात न्हाय.”

मग तिने तांदूळ निवडायला घेतले. भांडली नाही, रडली नाही. मी इतका मूर्ख, मला वाटलं तिला माझं म्हणणं पटत चाललंय. हंडा पाण्यात सोडणं तर फारच उत्तम, असंही मी बोलून गेलो. तिने सूप खाली ठेवलं, बाहेर जाऊन दोरीवरचे सुकलेले कपडे काढले आणि मग पुन्हा येऊन निवडायला बसली.

वैशाखात बाळारामच्या मितेशचं लग्न झालं. ते मला रिक्षावाल्याकडून कळलं. हळदीला मोठा मांडव होता, तीन गावं जेवली, तुम्ही दिसला नाहीत महाराज, असं तो म्हणाला. आमच्यात आत्याशिवाय हळद लागत नाही. मितेशला कमळने आपल्या मांडीवर न्हाऊ घातलेलं. घरी आलो तर कमळ नेहमीसारखी भाकऱ्या थापत होती. तिला आधीपासून माहीत होतं. नव्या साडीला फॉल लावून तिने ती कपाटात ठेवलेली मी नंतर पाहिली.

दुसऱ्याच दिवशी मी खारबावला गेलो. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडले होते. मैनावहिनी एकटी दारात होती. तिने पाण्याचा तांब्या दिला, पण बसा म्हणाली नाही.

“वहिनी, माझ्यावर राग असेल तर मला सांगा. कमळला का बोलावलं नाहीत? तिचा काय दोष?”

“तिचा न्हाय तर कोनाचा?” मैनावहिनी म्हणाली. “बाय आलीवती तवा ह्यांनी येकच इचारलं. भावजी बोलले, तुमचं दोघांचं ठरलंय, ते खरं का? बाय उलशी गप ऱ्हायली. मंग बोलली, हां, ठरलंवतं.”

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

बाळाराम खाडीवर होडीला डांबर लावत होता. मी चिखलातून त्याच्यापर्यंत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. तिला काही माहीत नव्हतं, मी खोटं बोललो, तिने फक्त मला सांभाळून घेतलं. बाळाराम कुंचा फिरवत राहिला. सांगून झालं तेव्हा त्याने कुंचा डब्यात ठेवला.

“भावजी, मना बायनं वाढवलाय. आय गेली तवा मी पाच वर्साचा. ती माज्याशी कदी खोटं बोलली न्हाय. बाप पिऊन पडायचा तेपन लपवलं न्हाय तिनी. आनि आज तुमी सांगता, ती खोटं बोलली?”

“अरे, माझ्यासाठी बोलली.”

“तुमी बोलले तवा मना पटलं न्हवतं. मैनेला इचारा. म्हटलं, ह्ये भावजींचं खूळ हाय, बाय येईल नि मना चार शिव्या घालंल, हंडा कशाला सोडला म्हनून. वाट बघितली मी तिची. ती आली नि हां बोलली.” त्याने डांबराचे हात चिंधीला पुसले. “आता ती घरात रडत असंल, म्हनून तुमी आले फिरवाया. जावा. तुमच्या शब्दावर तिचा शब्द मी खोटा न्हाय करनार.”

मी आणखी बोललो. गयावया केली, नर्मदेची शपथही घेतली. माझ्या शपथेला तिथे काय किंमत होती! त्याने डब्यातून कुंचा काढला आणि पुन्हा डांबर लावायला सुरुवात केली.

संध्याकाळी मी कमळसमोर बसलो. “का हो म्हणालीस त्याला?” मी विचारलं.

ती लसूण सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, “मंग काय बोलू? माजा मानूस नर्मदा फिरून आला नि म्हैन्याभरात माज्या भावाच्या ओटीवर खोटं बोलला, असं सांगू? सगला गाव पाया पडून गेलावता तुमच्या. मैना उभी व्हती, शेजारची धोंडूबाई उभी व्हती. कोना-कोनाच्या तोंडाला हात लावला असता?”

“मी आज सांगून आलो त्याला. खरं ते सांगितलं.”

“मंग?”

“त्याला पटत नाही.”

“कसं पटंल?” ती म्हणाली. “माज्या तोंडचं ऐकलंय त्यानी.”

तेव्हापासून माझ्याकडे कुणी पाया पडायला आलं की मी घरात नाही असं कमळ सांगते. हे मात्र मीच तिला सांगितलं आहे.

दिवाळी आली. फराळाचं तिने सगळं केलं, नेहमीपेक्षा थोडं कमी. भाऊबीजेला पहाटे न्हाली, हिरवं लुगडं नेसली, करंज्यांचं ताट झाकून ठेवलं. मागच्या चौतीस वर्षांत बाळाराम या दिवशी आला नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी तिने एकदाही दाराकडे पाहिलं नाही. दाराकडे मीच बघत होतो. प्रत्येक रिक्षाचा आवाज आला की उठत होतो. दुपारी निशाचा फोन आला, तिला कमळ म्हणाली, “हां, सगलं बरं हाय.” चार वाजले, पाच वाजले.

दिवस मावळायला आला तेव्हा तिने तबक घेतलं. निरांजन, सुपारी, अक्षता, एक करंजी. मला वाटलं देवापुढे जाते आहे. ती जिन्याने वर निघाली. मी मागोमाग गेलो.

गच्चीवर कुणी नव्हतं. पश्चिमेला, खारबावच्या अंगाला, गोदामांच्या पत्र्यांवर उजेड विरत होता आणि त्याच्या वर बीजेची कोर नुकती दिसायला लागली होती. कमळने पदर डोक्यावरून घेतला आणि निरांजन लावलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती आजच्या दिवशी चंद्राला ओवाळते. माझ्या आईला भाऊ नव्हता, ती ओवाळायची. कमळचा भाऊ इथून रिक्षाने अर्ध्या तासावर होता, धडधाकट, आणि तोही कदाचित या वेळी अंगणात बसला असेल.

मी पुढे झालो. तिचा हात धरावा, म्हणावं, असं करू नकोस, तो जिवंत आहे, मी उद्या पुन्हा जातो, त्याच्या पायावर डोकं ठेवतो. पण गयावया मी आधीच केली होती आणि ते तिलाही माहीत होतं. मी कठड्यापाशी तसाच उभा राहिलो.

कमळने तबक उचललं आणि थांबली.

“जरा बाजूला व्हा,” ती म्हणाली. “चांद तुमच्या आड गेलाय.”

मी बाजूला झालो.